मागचे दोन बोल्ट

प्रश्न असा होता: आतून पोकळ असलेल्या पातळ प्लास्टिकच्या होडीवर जड लोखंडी वस्तू कशी बसवावी, म्हणजे कितीही ओढ बसली तरी ती निघून येणार नाही? याचं उत्तर मला तेव्हाही येत होतं. नुसतं येत नव्हतं – तांत्रिक शाळेत धातुकाम शिकवणारा मी, ते फळ्यावर आकृती काढून समजावून देऊ शकलो असतो. मग खरा प्रश्न तो नव्हेच. येत असलेलं मी का केलं नाही, आणि केलं नाही हे एका माणसाला त्याच्या अखेरपर्यंत का सांगितलं नाही – हा तो प्रश्न. माझ्या पत्नीला यातलं काही माहीत नाही. दिनकरच्या घरी तर नाहीच नाही. आजवर हे माझ्या तोंडून कुणापुढे गेलेलं नाही. आणि आताही पाहा, माणसाकडे जायचं सोडून मी आधी बोल्टकडे वळतो आहे. पण बोल्ट समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तत्त्व सोपं आहे. पातळ कवचात नुसता स्क्रू फिरवला तर तो दोन-चार आट्यांवर तग धरतो, आणि ओढ बसली की त्या आट्या प्लास्टिक कुरतडून बाहेर येतात. म्हणून बोल्ट आरपार घालायचा. बाहेरून रबरी वायसर, आतून रुंद अॅल्युमिनियमची पट्टी, आणि पट्टीवर आपोआप सैल न होणारा नट. ओढ एका भोकावर न येता पट्टीभर पसरते. यासाठी एकच अट – आत हात पोचला पाहिजे. पोचत नसेल, तर जवळच हाताएवढं भोक कापायचं, त्याला झाकण बसवायचं, आणि मग नट आवळायचा. यात वेळ जातो. यापेक्षा जवळची वाट नाही.

दिनकरची कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानशी फाउंड्री होती. शाळेसाठी ओतीव सुटे भाग करून घ्यायला मी त्याच्याकडे जात असे. त्यातून मैत्री झाली. तो मला ‘सर’ म्हणे, आणि माझ्या शब्दावर त्याचा असा विश्वास होता की कधी कधी माझं मलाच ओशाळल्यासारखं होई. त्याला मासेमारीचा नाद. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट – मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एकाने धंदा बंद केला, त्याची एक जुनी लांबट होडी दिनकरने घेतली. एकाने बसून वल्हवायची, तिकडे तिला कयाक म्हणतात. टेंपोच्या टपावर ती बांधून आणताना आजऱ्याला तो चहाला थांबला, तेव्हा भोवती जमलेल्यांपैकी एकाने विचारलं म्हणे, “पावणं, देवमासा कुठं घावला?” हे तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता.

तिच्या मागच्या टोकाशी त्याला एक स्टँड बसवून हवा होता. गळाच्या काठ्या उभ्या करायला दोन नळ्या, नांगराचा दोर सोडायला कप्पी, आणि धरायला मूठ. मी सुचवलं, अॅल्युमिनियमच्या नळीचा कर, हलका होईल. त्यावर तो खदाखदा हसला. “कोल्हापूरचा माणूस आन् ॲल्युमिन्याचा स्टँड? मासं हसतील की ओ सर!” त्याने तो ओतीव लोखंडाचा केला. स्वतः साचा घातला, स्वतः ओतला, घासून काळा रंग दिला. उचलायला दोन माणसं लागत. या गावात काही करायचं म्हणजे ते ओतायचं – यात त्याची चूक आहे असं मी तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. जड वस्तू जड म्हणूनच बसवायची असते. ते माझं काम होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फाउंड्रीत ते करायला बसलो. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा. त्यामुळे कामगार एकेक हत्यार रॉकेलने पुसून, तांबड्या फडक्यावर मांडत होते. माझे पुढचे दोन बोल्ट व्यवस्थित झाले. पट्टी, वायसर, नट – सगळं. मागच्या दोहोंसाठी होडीच्या मूळच्या झाकणातून आत हात घातला आणि तो पोचेना. खांद्यापर्यंत घातला, बोटांना नुसतं प्लास्टिकच लागत होतं. म्हणजे आता होडीला वेगळं भोक कापायला हवं होतं. ड्रिल मशीन फडक्यावर जाऊन बसलं होतं. नट आवळायचे पानेही गेले होते. माझ्या हाती फक्त लोखंड कापायची करवत राहिली होती.

मी काय केलं ते सांगतो. दोन बोल्ट डोक्याच्या जरा खाली कापले. त्या बुंध्यांना एपॉक्सीची लांबी – भेगा बुजवायचा चिकट लगदा – थापली आणि अंगठ्याने भोकांत दाबून बसवले. वरून पाहिलं तर स्टँडला चार बोल्ट. आत मात्र दोनच. ही लांबी लोखंडाला घट्ट धरते, पण त्या जातीच्या प्लास्टिकला धरत नाही – हेसुद्धा मला ठाऊक होतं. मी मनात ‘तात्पुरतं’ असा शब्द उच्चारला. दसरा झाला की पुन्हा उघडून नीट करायचं. तेवढ्यात एका कामगाराने हसत हसत माझ्या हातातली करवत काढून घेतली. “द्या सर. आता ह्यो देव झाला.”

खरंच कुणाच्या लक्षात आलं नाही? नाही. मला ते लपवताना पाहणारं कोणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं का?

दुसऱ्या दिवशी पूजेला मला मानाने पुढे उभं केलं. भट्टी थंड होती, सगळीकडे झेंडू. दिनकरची बायको सुमनवहिनी तबक धरून उभ्या होत्या. दिनकरने हत्यारांना हळदकुंकू वाहिलं आणि मग होडीकडे आला. स्टँडच्या चारी बोल्टांच्या डोक्यांना त्याने कुंकू लावलं. पुढच्या दोहोंना. मागच्या दोहोंना. तबक खाली न ठेवताच त्याने विचारलं, “आतनं पट्टी मारलीया न्हवं, सर? उद्या सीमोल्लंघन पाण्यातनंच करायचं ठरीवलंय.”

मला तेव्हा कळलं की तो दसऱ्यालाच पाण्यात उतरणार. आता तुम्ही म्हणाल, तिथे सांगायचं. काय झालं असतं? पूजेतला पाना उचलावा लागला असता. दोन कामगार कुजबुजले असते. सरांचं काम अपुरं राहिलं, एवढंच पसरलं असतं. मी म्हणालो, “मारली आहे.” हे पहिलं खोटं. आवाज अगदी वर्गातला होता.

दसऱ्याला सकाळी आम्ही बिद्रीवरून धरणाच्या फुगवट्याकडे गेलो. या पाण्याखाली एक गाव आहे. गावकरी कधीच वर सरकले. घरं तशीच बुडाली. पाणी काठोकाठ होतं, आणि इतकं स्थिर की समोरचा डोंगर त्यात उलटा टांगल्यासारखा दिसत होता. काठावर जांभळीखाली शेंदूर लावलेले सात धोंडे – साती आसरा, पाण्यातल्या देवता. तिथला राऊ नावाचा म्हातारा गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत – गूळ आटवायच्या मोठ्या कढईत – बसून जाळी लावत असे. त्याने दिनकरला हटकलं. “आदी आसरांस्नी नारळ ठिवा. मग उतरा.” दिनकर नारळ विसरला होता. तो हसला. “आसरा काय करत्यात? सरांनी बोल्ट मारल्यात!”

राऊ हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी धोंड्यांकडे.

दिनकर बऱ्याच आत गेला. नांगर सोडलेला मला काठावरून दिसला; दोर सरसर गेला आणि थांबला. मग वारा सुटला. होडी वाऱ्याबरोबर निघाली, दोर ताणला गेला, आणि होडीचं मागचं टोक हळूच खाली झुकलं – जसं कुणी काठावर कोपर टेकावं. ओरडा नाही. धडपड नाही. होडी एका अंगाला वळली आणि पालथी झाली. दिनकर वर आला नाही. पाण्यावर गोल वलयं पसरत माझ्या पायांपर्यंत आली आणि मोडली. मी हाका मारल्या की नाही, आठवत नाही. माझ्या मनात तेव्हा एकच वाक्य होतं: मागचे दोन.

राऊची काहील पोचली तेव्हा दिनकर वर येत होता. राऊने त्याला दंडाला धरून ओढलं. काठावर आणल्यावर त्याने पाणी ओकलं आणि कितीतरी वेळ उजव्या घोट्याला दोन्ही हातांनी धरून बसला. घोट्याभोवती लाल वळ होते, एकाखाली एक. मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर, खालनं धरलंतं मला. बोटं हुती. लई बोटं. आन् मग एकेक करून सोडली.”

दोराचे वेढे होते ते. स्टँड बुडताना दोर त्याच्या पायात गुंतला. स्टँड तळाला टेकल्यावर दोर सैल पडला आणि एकेक वेढा सुटला. मला हे त्याच क्षणी समजलं. तुम्हालाही समजलं. त्याला कोण सांगणार होतं?

होडी ओढून आणली. गावातली माणसं जमली. स्टँड होता तिथे पुढच्या बाजूला प्लास्टिकचा मोठा लचका निघाला होता, कडा फाटलेल्या – पट्टीने शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. मागे मात्र दोन भोकं, गोल, स्वच्छ, कडेला ओरखडासुद्धा नाही. माणसं वाकून बघत होती. त्यांतली एक बाई पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, “उघडून काढल्यात गं बाई. हातानं फिरवून.” वारा पडला होता. मीही – कारण माहीत असूनही – त्या दोन भोकांकडे पाहत एक पाऊल मागे सरकलो. ती फारच नीटनेटकी होती.

परत येताना टेंपोत दिनकर माझ्याशेजारी बसला होता. घोंगडं पांघरलेलं, दात वाजत होते. बिद्री मागे पडल्यावर त्याने विचारलं. तो प्रश्न मला शब्दशः आठवतो. “सर, तुमी शास्त्र शिकीवता. आत नट आवळल्याला आसला, तर भोकाला न फाडता बोल्ट भाईर येतो का? खरं सांगा.”

इथे मला पुन्हा एकदा संधी होती. यापेक्षा उघडी संधी माणसाला मिळत नाही. मी विचार केला – किती वेळ? एक वळण संपून दुसरं येईपर्यंत. आणि म्हणालो, “नाही. येऊ शकत नाही.”

वाक्य खरं होतं, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. आत नट आवळलेला असेल तर बोल्ट तसा येत नाही. मी इतका नेमका माणूस आहे की खोटं बोलतानाही चूक केली नाही. पण त्या वाक्याने काय झालं ते पाहा. राऊ बोलला, ती बाई बोलली – ते दिनकरने कदाचित विसरून टाकलं असतं. तो देवभोळा माणूस नव्हता. त्याला शंका होती, आणि शंका घेऊन तो शास्त्राकडे आला. शास्त्राने सांगितलं, हे माणसाच्या चुकीने होणं शक्य नाही. मग उरलं कोण?

त्यानंतर दिनकर बदलला. सुमनवहिनींनी धरणावर जाऊन ओटी भरली – हिरवा खण, बांगड्या, नारळ. त्याने समाधान झालं नाही. फाउंड्रीच्या अंगणातली विहीर त्याने फरशी टाकून बंद केली. त्याची मुलगी शाळेच्या पोहण्याच्या तलावावर जाऊ लागली होती, तिला थांबवलं. अंघोळीला बसताना बादलीकडे पाठ करी. बोलता बोलता मध्येच थांबून घोट्यावर हात ठेवी आणि आम्ही काही ऐकलं का ते विचारी. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की तो कबनूरला बहिणीकडे जाऊन राही. तिच्या घरी दिवसरात्र यंत्रमाग चालत. त्या खडखडाटात पाणी ऐकू येत नाही, तिथंच डोळा लागतो, असं तो म्हणे.

हे सगळं मी पाहत होतो. दर रविवारी त्याच्याकडे जात होतो. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणत, “भावजी, तुमचंच ऐकत्यात. तुमी समजवा की.” मी समजावत असे – मन रमव, देवदर्शनाला जा. एक गोष्ट सोडून सगळं समजावत असे.

पुढच्या वैशाखात त्याने स्वतःच एक मार्ग काढला. आजही वाटतं, तो माझ्यापेक्षा चांगला विद्यार्थी होता. म्हणाला, “सर, आता पाणी उतरलंय. गाव उघडं पडलंय म्हणं. मला न्हाय जमायचं. तुमी जावा. ते लोखंड घावलं तर मागचं बोल्ट कसं हाईत बगा. मोडल्यालं, कापल्यालं, कसंबी आसूदे – त्यात माणसाची चूक दिसली, तर मी सुटलो. तुमी बगितलं म्हंजे मी बगितलं.”

मी एकटा गेलो. भर दुपार होती. तळाचा गाळ वाळून भेगाळला होता आणि त्यातून जोत्यांच्या ओळी वर आल्या होत्या. रस्ते ओळखू येत. तुळशीवृंदावनाचा चौथरा ओळखू आला. एकही पक्षी नव्हता. राखाडी दोर मला लांबूनच दिसला; गाळावरून सरळ जात एका घराच्या दगडी चौकटीतून आत शिरला होता. भिंती पडल्या होत्या, छप्पर कधीच गेलं होतं, फक्त ती चौकट उभी. दोराच्या बाहेरच्या टोकाला, उंबऱ्यापासून काही अंतरावर, स्टँड आडवा पडला होता. नांगर आत.

मी आत जाण्यापूर्वी उंबऱ्याशी चपला काढल्या. का काढल्या, सांगता येणार नाही. कोणाचं तरी घर होतं. आत वाकून मी दोर सोडवायला लागलो. नांगराचा आकडा चौकटीच्या आतल्या बाजूला दगडाखाली अडकला होता. दोर ओढला, तो थोडा आला – आणि मग परत गेला. हातभर. माझ्या तळव्यातून. दोर पिळाचा असतो, ताण सुटला की तो मागे आखडतो. याला कारण आहे. मी तुम्हाला कारण दिलं. तेव्हा मात्र मी तिथेच खाली बसलो आणि आतल्या मोकळ्या जागेला उद्देशून मोठ्याने म्हणालो, “मीच केलं.” एवढी एकदाच मी कबुली दिली. जिथे ऐकायला कुणी नव्हतं तिथे.

बाहेर येऊन स्टँड पाहिला. पुढे पट्टी, नट आणि प्लास्टिकचा तुकडा जसाच्या तसा. मागे दोन आखूड बुंधे, लोखंडाला लांबीने घट्ट चिकटलेले, आणि त्यांच्या टोकांवर माझ्या करवतीच्या रेघा. कोणत्याही फाउंड्रीवाल्याने एका नजरेत ओळखलं असतं. दिनकरने तर हात लावूनच ओळखलं असतं. एवढं नेऊन त्याच्यापुढे ठेवायचं होतं. तो मला शिव्या घालून, कदाचित मारून, सुटला असता. विहीर उघडली असती. मुलगी पोहली असती.

दोराची गाठ सोडली आणि दोन माणसांचं ते ओझं मी एकट्याने ओढत नेलं. नदीचा मूळ डोह त्या उन्हाळ्यातही काळा आणि खोल होता. स्टँड त्यात ढकलला. बुडबुडे बराच वेळ येत राहिले. नंतर घरी येऊन, हात धुऊन, दिनकरकडे गेलो आणि सांगितलं, “काही सापडलं नाही.” तो मान डोलावत राहिला. जणू त्याला हेच अपेक्षित होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी तेव्हा कायमचं मिटलं. ते मिटताना मी पाहिलं.

दिनकर काही वर्षांनी हृदयविकाराने गेला. पाण्याने नव्हे. शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो, तेव्हा त्याने माझा हात धरला. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, सर. तुमी सांगितलं म्हणून खात्री झाली.” त्यात कडवटपणा नव्हता. तो आभार मानत होता. मी त्याचा हात थोपटला.

मी भित्रा होतो. याच्यापुढे जोडायला माझ्याकडे काही नाही. दिनकरच्या मुलीला मी हे वाचायला देणार आहे. ती काय करेल, तो तिचा अधिकार.

राहिलं बोल्टांचं. प्लास्टिकच्या जुन्या पिंपाचा एक तुकडा घ्या. त्याला दोन भोकं पाडा. एकात पट्टी आणि नट लावून बोल्ट बसवा, दुसऱ्यात कापलेला बोल्ट लांबीने चिकटवा. वाळू द्या. मग दोन्हींना दोर बांधून ओढा, आणि कोणतं भोक फाटतं, कोणतं गोल राहतं ते पाहा. मी सांगितलं म्हणून मानू नका. स्वतः ओढून पाहा.